सनई आणि हरणं: कुत्र्याला ‘हे नको’ कसं शिकवायचं?

(पॉडकास्टच्या ताज्या भागाचा हा लिखित मजकूर. बोलण्याच्या ओघातली वाक्यं शक्यतो तशीच ठेवली आहेत, फक्त ‘म्हणजे’ आणि ‘अॅक्च्युअली’ निम्मे काढले आहेत.)



मागच्या भागात मध्येच एक लांबलचक आवाज आला होता. तीन-चार जणांनी विचारलं, की मागे कोणी रडत होतं का? कोणी रडत नव्हतं. ती आमची सनई. सनई म्हणजे माझी कुत्री. तो तिचा रोजचा, साधा आवाज आहे. खिडकीतून खार दिसली, एवढंच निमित्त होतं.

आज कोडिंग नाही, करिअर नाही. आज सनईबद्दल बोलणार आहे. खरं तर तिच्याबद्दल कमी आणि मी केलेल्या एका चुकीबद्दल जास्त. विषय असा, की शिकारी जातीच्या कुत्र्याला ‘या प्राण्यामागे जा’ हे शिकवावं लागत नाही, ते रक्तातच असतं. शिकवावं लागतं ते ‘त्या दुसऱ्या प्राण्यामागे जाऊ नको’ हे. आणि ते फार, फार अवघड असतं.

आधी थोडी पार्श्वभूमी. मी अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनात राहतो, रॅले शहरापासून पाऊण तासावर. घरभाडं शहरात परवडत नव्हतं, काम घरूनच, म्हणून इतक्या लांब आलो. मागे जंगल, एक ओढा, त्यापलीकडे मक्याची शेतं. तीन वर्षांपूर्वी इथल्या प्राण्यांच्या निवाऱ्यातून सनईला आणलं. तेव्हा ती साधारण दीड वर्षाची होती. जात ट्रीइंग वॉकर कूनहाउंड. पांढऱ्यावर काळे-तपकिरी ठिपके, लांब कान, आणि हा असा आवाज. नाव ठेवायला मला दोन मिनिटंही लागली नाहीत.

कूनहाउंड म्हणजे रॅकूनचा माग काढणारे कुत्रे. रॅकून तुम्ही कार्टूनमध्ये पाहिला असेल, डोळ्यांवर काळी पट्टी, शेपटीवर वळी. रात्री बाहेर पडतो, ओढ्याकाठी खातो, मक्याच्या शेतात नासधूस करतो, आणि धोका वाटला की झाडावर चढतो. कूनहाउंडचं काम काय? जमिनीला नाक लावून वास शोधायचा, सापडला की आवाज द्यायचा, मागावर पळायचं, आणि रॅकून ज्या झाडावर चढला त्या झाडाला पुढचे पाय लावून भुंकत राहायचं. मालक अंधारात आवाजाच्या दिशेने चालत जातो. कुत्रा दिसत नाही, फक्त ऐकू येतो. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आपल्याकडचा कारवानी किंवा मुधोळ वेगळा बरं का. ते नजरेने शिकार करणारे कुत्रे. ससा दिसला की सुटले. हे इकडचे नाकाने चालणारे. नजरेच्या कुत्र्याला समोरचा प्राणी दिसेनासा झाला की बऱ्याचदा खेळ संपतो. नाकाच्या कुत्र्याचा खेळ तासन्‌तास चालतो, कारण वास जमिनीवर शिल्लक असतो.

आता माझं घर कसं, तर आजी माळकरी, आई अंडंही खात नाही. फोनवर सांगितलं, की शिकारी कुत्री आणलीय, तर आई दोन मिनिटं गप्प. मग म्हणाली, “तू काही मारणार नाहीस ना रे?” नाही मारणार, म्हटलं. आणि खरंच, इथे रॅकूनच्या मागावर कुत्रे सोडण्याच्या ज्या रात्रीच्या स्पर्धा होतात, त्यांत प्राणी मारत नाहीत. झाडावर बॅटरी मारायची, डोळे चमकले की गुण मोजायचे, कुत्र्याला दोरी लावायची आणि निघायचं. रॅकून तिथेच बसलेला.

मला हे सगळं कळलं ते शेजारच्या आजोबांमुळे. त्यांचं नाव सांगत नाही, त्यांना ते आवडणार नाही. सत्तरी ओलांडलेले, आयुष्यभर कूनहाउंड पाळलेले. त्यांच्याकडे ब्लूटिक जातीचा एक म्हातारा कुत्रा आहे. ते सीझनमध्ये शिकारही करतात, ते मी लपवत नाही. त्यांना ‘सनई’ म्हणता येत नाही, ते ‘सनी’ म्हणतात.

तर पहिल्या शरद ऋतूत काय झालं? संध्याकाळी सनईला मागे फिरायला नेलं होतं. दोरी हातात होती, पण माझं लक्ष फोनमध्ये. झुडपातून हरीण उठलं, पांढरी शेपटी वर करून. एक झटका, दोरी हातातून गेली, आणि तिचा आवाज लांब, लांब, मग नाहीसा. रात्रभर मी टॉर्च घेऊन फिरलो. सकाळी सहा वाजता एका शेतकऱ्याचा फोन आला, पट्ट्यावर माझा नंबर होता. घरापासून सरळ रेषेत नऊ किलोमीटर. मधे चार पदरी हायवे. तो तिने कसा ओलांडला, देव जाणे. पाय रक्ताळलेले, आणि चेहरा मात्र असा, की आयुष्यातला सर्वांत छान दिवस!

आणि हीच तर अडचण आहे. हरीण तिच्या हाती लागलं नव्हतं, लागणारही नव्हतं. तरी तिला बक्षीस मिळालं होतं. कारण पळणं हेच बक्षीस. बिस्किटाचं आमिष सोपं असतं, बिस्कीट तुमच्या खिशात असतं. इथे बक्षीस जंगलाच्या खिशात आहे. ती जेवढ्या वेळा हरणामागे पळेल तेवढी सवय पक्की होणार.

त्यात हरणाचा वास जबरदस्त. त्याच्या खुरांच्या फटीत ग्रंथी असतात, म्हणजे प्रत्येक पावलागणिक जमिनीवर शिक्का. मागच्या पायांवर आतल्या बाजूला आणखी ग्रंथी. आणि सनईच्या जातीचे पूर्वज मुळात कोल्ह्यामागे पळणारे वॉकर फॉक्सहाउंड. ट्रीइंग वॉकरला स्वतंत्र जात म्हणून नोंद मिळाली १९४५ मध्ये. म्हणजे वेगाने, मोकळ्यावर, लांब पळणं तिच्या रक्तातच आहे. तिला दोष कुठे द्यायचा?

इथले शिकारी नको असलेल्या प्राण्याला एक शब्द वापरतात, ट्रॅश. कचरा. हरीण, कोल्हा, कायोटी, ओपॉसम, ससा, सगळा कचरा. मला तो शब्द पहिल्यांदा ऐकून कसंसंच झालं. हरणाला कचरा? पण मग कळलं, की प्राण्याबद्दल नाही बोलत ते. सिग्नलमधला नॉइज म्हणतो ना आपण, तसं. आणि जो कुत्रा फक्त रॅकूनचाच माग धरतो, बाकी कशाकडे ढुंकून बघत नाही, त्याला म्हणतात ‘स्ट्रेट’. सरळ कुत्रा. आजोबांचा म्हातारा तसा आहे. हरीण त्याच्यासमोरून गेलं तर तो बाजूला होऊन वाट देतो, बसस्टॉपवरच्या सभ्य माणसासारखा.

हे काही अमेरिकेतलंच खूळ नाही. इंग्लंडमध्ये कोल्ह्यामागचे कुत्रे सशामागे किंवा हरणामागे गेले तर त्याला जुना शब्द आहे, रायट. दंगल! तिकडे २००४ च्या कायद्याने इंग्लंड आणि वेल्समध्ये कुत्र्यांनी कोल्ह्याची शिकार बंद झाली, पण एक पद्धत मला फार आवडली. तिथे पिल्लं लहानपणी गावातल्या शेतांवर वाढवायला देतात. कोंबड्या, मेंढ्या, मांजर यांच्यात पिल्लू वाढतं. मोठं झाल्यावर मेंढी ही त्याच्या लेखी शिकार नसते, घरचीच असते.

हे मी मामाला फोनवर सांगितलं. मामा लातूरकडचा, तिकडे कारवानी कुत्रे पूर्वीपासून. तो हसला. म्हणाला, “यात नवीन काय? धनगराचं कुत्रं मेंढरातच वाढतं. त्याला मेंढरू धरू नको म्हणून कोण शिकवत बसतंय?” आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर हरणा-काळविटामागे कुत्रं घालणं गुन्हाच आहे. तरी कुत्र्याची जात तीच राहते, ओढ तीच राहते. म्हणून हा प्रश्न शिकाऱ्याचा एकट्याचा नाही. गावाकडे कारवानी पाळणाऱ्याचा आहे, पुण्यात बीगल पाळणाऱ्याचाही आहे.

पण सनई माझ्याकडे आली तीच दीड वर्षाची. पिल्लूपण संपलेलं. मग आता काय?

आजोबांची पद्धत अशी होती. पायरी एक, आधी हवं ते शिकव, मग नको ते. कुत्र्याला रॅकूनचं वेड लागू दे. रॅकूनच्या शेपटीचा तुकडा दोरीला बांधून जमिनीवरून ओढत न्यायचा, शेवटी झाडावर टांगायचा, आणि कुत्री झाडाशी पोचून भुंकली की एवढं कौतुक करायचं, की शेजाऱ्यांना वाटावं लग्न लागलं. काय करायचं हे ज्याला माहीत नाही, त्याला ‘हे नको, ते नको’ सांगितलं तर तो काहीच करेनासा होतो.

पायरी दोन, सोबत सरळ कुत्र्याची. हरणामागे जाणारा एक म्हातारा कुत्रा चार पिल्लं बिघडवतो. हे मी ऐकल्यावर मला कॉलेजचं हॉस्टेल आठवलं, ते सोडा.

पायरी तीन, पट्टा. हा भाग नाजूक आहे, म्हणून नीट सांगतो. आजकाल गळ्यातल्या पट्ट्यात दोन गोष्टी असतात. एक जीपीएस, कुत्रा कुठे आहे ते हातातल्या यंत्रावर दिसतं. आणि दुसरी, यंत्रावरचं बटण दाबलं की पट्टा आधी बीप वाजवू शकतो, थरथरू शकतो, आणि विजेचा झटकाही देऊ शकतो. झटक्याच्या पातळ्या असतात. मी स्वतःच्या हाताला लावून पाहिलं. खालच्या पातळीवर मुंगी चावल्यासारखं, वरच्या पातळीवर मी यंत्र टाकून दिलं.

यावर जगभर वाद आहे. वेल्समध्ये कुत्र्यांवर असे विजेचे पट्टे वापरायला २०१० पासून बंदी आहे. आणि ज्यांना हे पट्टेच नकोत त्यांचं म्हणणं मला पटतं. पण आजोबांचं म्हणणं एवढंच होतं, “पूर्वी आम्ही काठीने मारायचो, काही जण तर बंदुकीतून बारीक छर्रे उडवायचे. आणि माझे दोन कुत्रे हायवेवर गेले. तूच सांग, कोणतं क्रूर?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मला तो चार पदरी रस्ता आठवत होता.

मग त्यांनी एक नियम सांगितला. म्हणाले, “पोरा, डोळ्यांनी हरीण दिसल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. हरीण रस्ता ओलांडताना दिसलं पाहिजे आणि त्याच्या मागोमाग तुझी कुत्री. किंवा ओल्या मातीत हरणाचा ताजा खूर, आणि त्यावर तुझ्या कुत्रीचा पंजा. नाहीतर हात खिशात.”

मी मान डोलावली. आणि मंडळी, मी इंजिनियर ना! मला वाटलं, डोळ्यांनी कशाला बघायला पाहिजे? माझ्याकडे डेटा आहे.

हे बघा, रॅकून आणि हरीण वेगवेगळे पळतात. रॅकून ओढ्याकाठाने, वेडावाकडा, पाण्यात उतरून, कुंपणावरून. त्याचा माग काढताना कुत्रा थांबतो, फिरतो, परत येतो. हरीण मोकळं पळतं, सरळ, वेगात, लांब. म्हणजे जीपीएसच्या रेषेवरूनच कळायला हवं! मी सनईच्या रात्रीच्या फेऱ्यांच्या फायली उतरवून घेतल्या. एकूण ३१. प्रत्येकीतून दोन आकडे काढले, सरासरी वेग, आणि रेषा किती सरळ. सरळपणा म्हणजे सुरुवात ते शेवट हे थेट अंतर भागिले प्रत्यक्ष पळालेलं अंतर. एक साधी स्क्रिप्ट लिहिली. वेग जास्त आणि रेषा सरळ असेल तर हरीण. ३१ पैकी २९ बरोबर! मी आजोबांना लॅपटॉप दाखवायला गेलो. ते बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, “यातली किती हरणं तू पाहिलीस?”

मी म्हटलं, चार.

म्हणजे बाकीच्या फायलींवर ‘हरीण’ हे लेबल मीच लावलं होतं, आणि कशावरून? तर ती सरळ आणि वेगात पळाली होती यावरून! पेपर मीच काढला, उत्तरं मीच लिहिली, तपासलाही मीच. पास होणारच की. मी ऑफिसमध्ये संशयास्पद व्यवहार ओळखणाऱ्या सिस्टीमवर काम करतो. ही चूक ज्युनियरने केली तर मी त्याला अर्धा तास ऐकवतो. स्वतःच्या कुत्रीच्या बाबतीत मात्र मला ती दिसली नाही. आजोबांचा प्रश्न मी हसून सोडून दिला.

ऑक्टोबरची रात्र. पानं वाळलेली, थंडी सुरू. आजोबांचा म्हातारा आणि सनई, दोघांना सोडलं. म्हातारा हळू, तो मागे राहिला. पंधरा मिनिटांत सनईचा आवाज आला. आणि यंत्रावर बघतो तर ती विजेच्या तारांखालच्या मोकळ्या पट्टीतून सरळ, एकदम वेगात निघालेली. मक्याच्या शेताकडून जंगलाकडे. रेषा पट्टीने आखावी तशी. पुढे अडीच किलोमीटरवर हायवे.

माझं डोकं म्हणालं, हरीण. आजोबा म्हणाले, “थांब.” मी बटण दाबलं. एकदा. आवाज चालूच. वरच्या पातळीवर दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा. एक किंकाळी, आणि मग शांतता.

सनई पाच मिनिटांनी परत आली. माझ्याकडे नाही, गाडीखाली जाऊन बसली.

आणि मग, दहाएक मिनिटांनी, त्याच पट्टीवरून म्हाताऱ्याचा आवाज यायला लागला. संथ, जाडा, खात्रीचा. तोच माग, तीच दिशा. पट्टी संपते तिथे मोठा ओक आहे, तिथे थांबून तो झाडावर भुंकायला लागला. आम्ही गेलो. आजोबांनी बॅटरी वर मारली. दोन डोळे चमकले. मक्याने पोट भरलेला, गलेलठ्ठ रॅकून. शेतातून थेट घरी निघाला होता, मोकळा रस्ता सोडून ओढ्यातून कशाला जाईल तो?

सनई बरोबर होती. तिने तिच्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं काम केलं होतं, आणि त्याच क्षणी मी तिला आयुष्यातला सर्वांत मोठा फटका दिला होता.

आजोबा काहीच बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

यानंतर काय झालं ते सांगतो, कारण ते कोणी सांगत नाही. सनईने हरणांमागे जाणं सोडलं. सगळ्यामागे जाणंच सोडलं. बॅटरीच्या उजेडाबाहेर पाऊल टाकेना. म्हातारा भुंकला की माझ्या पायांमागे. तारांच्या त्या पट्टीजवळ गाडी थांबली की खालीच उतरायची नाही. आणि घरात आवाज बंद. खिडकीत खार आली तरी नुसती बघायची. सनई वाजेनाशी झाली होती.

मी वाचायला बसलो. १९६६ मध्ये गार्सिया आणि कोलिंग या दोन संशोधकांनी उंदरांवर एक प्रयोग केला होता. उंदीर चव असलेलं पाणी पिताना सोबत दिवा लागायचा, आवाज व्हायचा. काही उंदरांना नंतर आजारी पाडलं, काहींना विजेचा झटका दिला. आजारी पडलेल्यांनी त्या चवीचं पाणी टाळलं. झटका बसलेल्यांनी दिवा आणि आवाजवालं पाणी टाळलं. म्हणजे शिक्षेचा संबंध कशाशी जोडायचा हे शिक्षा देणारा नाही ठरवत, शिक्षा घेणारा ठरवतो. याच गार्सियांनी सहकाऱ्यांबरोबर १९७४ मध्ये कायोटींना औषध मिसळलेलं मेंढीचं मांस देऊन मेंढीचीच शिसारी आणण्याचा प्रयोग केला. तो प्रत्यक्ष कुरणावर कितपत चालतो यावर पुढे वर्षानुवर्षं वाद झाले. एखादी गोष्ट खावीशी न वाटणं आणि तिच्यामागे पळावंसं न वाटणं, या दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात.

आता सनईचा विचार करा. अंधार, अर्धा किलोमीटर लांब. त्या सेकंदाला तिच्या नाकात काय आहे, मला माहीत नाही. यंत्रावर दिसणारी तिची जागासुद्धा काही सेकंद जुनी. मी ‘हरीण नको’ असा संदेश पाठवला. तिला पोचला तो ‘रॅकून नको, ही जागा नको, आवाज काढणं नको, आणि कदाचित तो माणूसही नको’.

आईला सांगितलं, तर ती एवढंच म्हणाली, “अरे, तिला कळलं तरी का, मार कशाचा होता ते?”

मला एकदम शाळा आठवली. सातवीत असताना वर्गात कोणीतरी शिट्टी मारली. सरांनी वळून बघितलं, तेव्हा माझा हात वर होता, कारण मला उत्तर येत होतं. दोन छड्या बसल्या. शिट्टी मी आधीही मारत नव्हतो. मात्र त्यानंतर त्या तासाला मी हात कधीच वर केला नाही. सरांना आयुष्यात कळलं नसेल, की त्यांनी नक्की काय शिकवलं.

दुरुस्तीला चार महिने लागले. पट्ट्यावरची झटक्याची टोकं काढून टाकली, जीपीएस फक्त ठेवलं. त्या पट्टीकडे जाणं बंद. पुन्हा पहिल्या पायरीपासून, भर दिवसा, अंगणात, वीस पावलांवर शेपटीचा तुकडा. पहिले दोन आठवडे ती त्याच्याकडे बघायचीही नाही. मग एक दिवस हुंगलं. मग चार पावलं. मी काही बोलायचं नाही, फक्त बसून राहायचं, हे आजोबांनी शिकवलं. नंतर म्हाताऱ्यासोबत, नंतर संध्याकाळी, नंतर रात्री. फेब्रुवारीत एका रात्री, म्हातारा ओढ्यापलीकडे हुंगत असताना, अलीकडून अचानक तो आवाज आला. लांब, चढत जाणारा. आजोबांनी टोपी काढली, डोकं खाजवलं आणि म्हणाले, “सनी परत आली.” मी काही बोलू शकलो नाही.

मग हरणांचं काय? ते राहिलंच होतं. ते झटक्याशिवाय, वेगळ्या वाटेने सुरू केलं. संध्याकाळी शेताच्या कडेला हरणं चरायला येतात. दहा मीटर लांब दोरी, गळ्यावर ओढ येऊ नये म्हणून छातीला पट्टा, आणि खिशात उकडलेलं चिकन. हो, आई, उकडलेलं चिकन. सुरुवात दीडशे मीटरवरून. तिने हरणाकडे बघितलं, बघू द्यायचं. आपणहून मान वळवून माझ्याकडे पाहिलं, की लगेच चिकन आणि उलट्या दिशेला धावायचं, दोघांनी मिळून. तिला पळायचंय ना? पळू या की, पण इकडे. दीडशेचं शंभर, शंभरचं साठ. तीन महिने, जवळजवळ रोज. दोरी हातातून एकदाही सुटू द्यायची नाही, कारण एक पळ म्हणजे पाच आठवड्यांची मेहनत गेली.

खरं सांगायचं तर त्यानंतरही मी दोनदा पट्टा वापरला, टोकं परत लावून, खालच्या पातळीवर. दोन्ही वेळा मी रस्त्याच्या वळणावर उभा होतो, हरीण माझ्यासमोरून गेलं आणि मागोमाग सनई. डोळ्यांनी पाहिलं. आधी बीप, मग एक हलका झटका, ती थांबली, वळली, मी गुडघ्यावर बसून तिला हाक मारली. ती आली ती माझ्याकडे, गाडीखाली नाही. मी हे करायला नको होतं असं तुमच्यातल्या काहींना वाटेल. वाटू दे. मलाही पूर्ण खात्री नाही. पण एक नियम मी तेव्हापासून मोडलेला नाही: परत आलेल्या कुत्र्याला कधीच रागवायचं नाही. ती दोन तास हरणामागे जाऊन आली आणि तुम्ही ओरडलात, तर ती शिकते ते एवढंच, की परत येणं वाईट.

शेवटी एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. या वर्षी आम्ही एका रात्रीच्या स्पर्धेत गेलो. चार कुत्र्यांचा गट असतो, पंच सोबत. आपला कुत्रा मागावर बोलला, की आपण तो ओळखून नाव पुकारायचं. पहिल्याला शंभर गुण, मग पंचाहत्तर, पन्नास, पंचवीस. झाडाचे गुण वेगळे. वर रॅकून दिसला तर गुण अधिक. झाडावर काहीच नसेल किंवा भलताच प्राणी असेल तर तेच गुण वजा. आणि समजा झाडाला ढोली आहे, रॅकून आत असू शकतो पण दिसत नाही. तर? तर पंच त्या आकड्याभोवती गोल काढतो. अधिकही नाही, वजाही नाही. माहीत नाही, म्हणून शिक्षा नाही.

सनईने त्या रात्री ढोलीच धरली. आम्हाला बक्षीस नाही मिळालं. पण तो गोल मी बराच वेळ बघत बसलो होतो. शेकडो अंधाऱ्या रात्रींनंतर या लोकांनी नियमांत एक जागा ठेवली आहे, ‘आम्ही पाहिलं नाही’ म्हणायला. माझ्या स्क्रिप्टमध्ये ती जागा नव्हती. आता आहे. ऑफिसच्या सिस्टीममध्येही मी तसा तिसरा डबा घालायला लावला, ‘माणसाने बघावं’ या नावाचा. त्यावरून मीटिंगमध्ये वाद झाला, ती गोष्ट पुन्हा कधीतरी.

तर मंडळी, तुमच्याकडे बीगल असेल, कारवानी असेल, किंवा खारीमागे पळणारं साधं गावठी असेल, तर तुमचा अनुभव नक्की कळवा. तुम्ही त्याला ‘नको’ कसं शिकवलंत, आणि मुख्य म्हणजे, त्याला नक्की काय कळलं.

आता पार्श्वभूमीला जो आवाज येतोय तो... हो, तीच. खार आली वाटतं. वाजू द्या.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.